परतीचं वजन

१

टपाल खात्यात एकतीस वर्षं पार्सलच्या खिडकीवर काढली की माणसाला काट्याची गरज उरत नाही. थोरलीचं तसंच झालं होतं. पुडकं हातात आलं की हातच बोलायचा, सव्वातीनशे, आणि मागाहून काटा मुकाट्याने तेवढंच दाखवायचा. निवृत्त झाल्यावरही ओळखीची माणसं तिला रस्त्यात अडवून हातातली पिशवी पुढे धरत. "सांगा बाई, किती?" ती उचलायची, सांगायची. भाजीवाले तिला लांबून बघूनच तोंड फिरवत.

घरात दोघी बहिणी. थोरलीची साठी उलटलेली, धाकटी पंचावन्नची. लग्नं दोघींचीही झाली नाहीत. कारणं वेगवेगळी होती आणि आता दोघींनाही ती नीटशी आठवत नव्हती. धाकटी कपडे शिवायची. लहानपणीच कमरेचं हाड बिघडलेलं, त्यामुळे एक पाय ओढत चालायची आणि फाटकाबाहेर सहसा पडायची नाही. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन, मग अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला आईची खोली. ती खोली दीड वर्ष बंद होती.

आईचं काय झालं ते इथेच सांगितलेलं बरं. शेवटची काही वर्षं तिची आठवण पार पुसली गेली होती. त्या दिवशी धाकटीला दवाखान्यात जायचं होतं म्हणून थोरलीने रजा घेतली. सकाळची वेळ, वर्तमानपत्र मांडीवर, आणि तिचा डोळा लागला. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. जाग आली तेव्हा मागचं दार सताड उघडं होतं. आई सापडली तिसऱ्या दिवशी, दगडाच्या खाणीपलीकडे टेकडीच्या उतारावर, एका झुडपाच्या आडोशाला. कुशीवर, पाय पोटाशी घेऊन. शोधायला गेलेली माणसं म्हणाली, शांत दिसत होत्या हो, कुणीतरी निजवल्यासारख्या.

धाकटीने तेव्हापासून एकदाही ते बोलून दाखवलं नव्हतं. तेच थोरलीला जास्त लागायचं.

२

मोठ्या यात्रेला पायी जायचं हे थोरलीने मनाशी केव्हाच ठरवलं होतं. आठशे किलोमीटर, पस्तीस दिवस, सगळं सामान पाठीवर. निवृत्ती झाली आणि तिने सांगून टाकलं.

"तू?" धाकटीच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या तिने आधी काढून ठेवल्या. "कोपऱ्यावरच्या पेटीत पत्र टाकायला जायचं तर तू चपला शोधण्यात अर्धा तास घालवतेस."

"सराव करणार आहे. चौदा आठवड्यांचा. वहीत आखलंय सगळं."

"वहीत आखलंय म्हणजे झालंच की. निम्मी यात्रा तिथेच पुरी झाली."

पण थोरली हटली नाही. आठवड्यातून पाच दिवस, उजाडल्यावर निघायचं. मागच्या दाराने बाहेर, कालव्याचा बांध, मग शेतांमधली पायवाट, लोखंडी फाटक, खाण, टेकडीवरची पाण्याची टाकी आणि वळसा घालून परत. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या चार बाटल्या, टॉवेलात गुंडाळलेल्या दोन विटा आणि रेनकोट. बरोबर सहा किलो. आकड्याला अडकवून वजन करायचा छोटा काटा तिने बोळातल्या खुंटीला टांगून ठेवला होता, कारण हाताचा कितीही भरवसा असला तरी यात्रेच्या कामात हयगय नको.

पहिले पंधरा दिवस पाय मेल्यासारखे झाले. धाकटी गरम पाण्याची बादली आणून द्यायची आणि वर ऐकवायची, "पाय बुडव, यात्रेकरू."

३

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी आठ किलोमीटर करून ती घरात शिरली, पिशवी उतरवली आणि हात मध्येच थांबला.

सहा नव्हे.

दमलं की ओझं जड लागतं, हे तिलाही कळत होतं. पण दमलेला हात आणि खोटं बोलणारा हात यांत फरक असतो. तिने पिशवी काट्याला लावली. सहा किलो तीनशे. त्यातून वाटेत तिने एक बाटली रिकामी केली होती, म्हणजे अर्ध्या लिटरचं पाणी पोटात गेलेलं. पाच-पाचशे असायला हवं होतं. आठशे ग्रॅम जास्त.

तिने पिशवी फरशीवर उलटी केली. तीन भरल्या बाटल्या, एक रिकामी, दोन विटा, टॉवेल, रेनकोट. तळाशी गवताची दोन पाती. एकेक वस्तू वेगळी तोलली, बेरीज केली. पाच-पाचशे. सगळं परत आत भरून पुन्हा टांगलं. पाच-पाचशे.

"काय चाललंय?" मशीन थांबवून धाकटीने विचारलं.

"काटा बिघडलाय."

दुसऱ्या दिवशी तिने तपासून घेतलेला दुसरा काटा आणला. दहा किलोमीटरला एक किलो जास्त. तिसऱ्या दिवशी सहा किलोमीटर, सहाशे जास्त. किलोमीटरला शंभर ग्रॅम, चोख. पिशवी खुंटीला टांगून ती तोंड धुऊन येईपर्यंत जास्तीचं वजन गेलेलं असायचं. वर्षानुवर्षं तिने फक्त एवढंच काम केलं होतं: जे आलं ते तोलायचं आणि ते कुठे जायचं हे बघायचं. आलेलं तोललं जात होतं. ते जात कुठे होतं, हे कळत नव्हतं.

पिशवीची पाठ घामाने भिजली असेल, पट्ट्यांनी दव शोषलं असेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. मग एक दिवस पिशवी घरी ठेवून नुसत्या हाताने चालून आली आणि न्हाणीघरातल्या काट्यावर उभी राहिली. घाम गाळून माणूस हलकं व्हायला हवं. ती नऊशे ग्रॅमने जड झाली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा उभी राहिली, तेव्हा नव्हती.

त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

४

आवाज पहिल्यांदा धाकटीने ऐकला. मशीनशी दिवसभर तीच बसायची ना.

"ताई, आईच्या खोलीतली लाकडी जमीन करकरते."

"हवा बदलतेय. लाकूड आहे ते."

"तू आल्यावरच करकरते. आणि मग थोडा वेळ गेला की पलंग."

किल्ली थोरलीकडेच होती. दुपारी धाकटी जराशी पडली तेव्हा तिने बोळातून जाऊन दार उघडलं. खोली कोंदट होती, एवढंच. पडदे ओढलेले, कपाट बंद. पलंगावरची गादी तिने स्वतः ऊन देऊन, झटकून, सपाट करून ठेवली होती दीड वर्षापूर्वी.

गादीला भिंतीच्या बाजूने खळगा पडला होता. लहानसा, बाकदार, माणूस कुशीवर निजलं की पडतो तसा. फार खोल नव्हता. एखादं लहान मूल निजल्यासारखा.

तिने हाताने गादी सारखी केली. हात काढल्यावर गादी सावकाश पुन्हा तशीच खचली.

ती बाहेर आली, दार लावलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी वही उघडून बसली. पहिल्या दोन आठवड्यांचा अंदाज धरून आतापर्यंतची बेरीज सतरा किलो होत होती. मागे धाकटी येऊन उभी होती, ते तिला कळलंच नाही.

"सतरा," धाकटी खांद्यावरून वाचत म्हणाली. "डॉक्टरांनी शेवटचं वजन केलं तेव्हा आईचं किती भरलं होतं गं?"

"एक्केचाळीस."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही.

५

शहाण्या माणसाने इथेच सराव थांबवला असता. थोरलीलाही ते कळत होतं. पण तिच्या डोक्यात ती वीस मिनिटं होती. जिला आपण घराबाहेर जाऊ दिलं, तिला थोडं थोडं करून का होईना, आपल्याच पाठीवरून घरी आणतोय, या विचाराने तिला भीतीही वाटत होती आणि तिच्या छातीवरचा दगडही हलत होता. पन्नास किलोमीटरचा आठवडा तिने ऐंशीचा केला, पाचाऐवजी सहा दिवस.

घरातलं वागणं बदललं. धाकटीने आईची खोली झाडून काढली, पडदे धुतले. दुपारी ती शिवणाचं काम घेऊन तिथेच बसू लागली. भिंतीपलीकडून तिचं बोलणं ऐकू यायचं, बारीक आवाजातलं, अधूनमधून हसणं. समोरच्याने काही म्हटल्यावर आपण थांबतो तसं थांबणंही.

"काय बोलता एवढं?" एकदा थोरलीने विचारलं.

"काही नाही. जुनं जुनं." धाकटीचा चेहरा कितीतरी वर्षांत इतका निवळलेला दिसला नव्हता. "रागावली नाहीये ती तुझ्यावर. मी विचारलं."

थोरली न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि रडली.

आठव्या आठवड्यात, बुधवारी, एक्केचाळीस पूर्ण झाले. संध्याकाळी ऊन कलताना तिने खोलीच्या दारात उभं राहून गादीवरचा खळगा बघितला. आईएवढाच. उशीवर डोकं टेकल्याची खूणसुद्धा. तिने हात जोडले, आणि आता उरलेला सराव नुसताच सराव असेल, असं धरून निश्चिंत मनाने झोपली.

गुरुवारी बारा किलोमीटर झाले. पिशवी खुंटीला लावली तर एक किलो दोनशे जास्त.

६

बेचाळीस. पंचेचाळीस. नववा आठवडा संपला तेव्हा बावन्न.

चुकलं असेल, पहिल्या आठवड्यांचा अंदाज जास्त धरला असेल. तिने बेरीज तीनदा केली. अंदाज शून्य धरला तरी आकडा एक्केचाळिसाच्या पुढेच जात होता. आई आजारपणाआधी जाड होती, तेव्हाचं वजन असेल, असंही तिने मनाला सांगून बघितलं. मन ऐकेना.

खाणीच्या तोंडाशी पत्र्याची चौकी होती. तिथला म्हातारा पहारेकरी रोज तिला लांबून हात करायचा, बोलायचा मात्र कधी नाही. त्या सोमवारी ती पट्टे सैल करायला चौकीपाशी थांबली, तर तो आपणहून बाहेर आला. हातातली काठी उगाच या हातातून त्या हातात घेत राहिला.

"बाई, तुम्ही त्या आजींच्या मुलगी ना?"

"हो."

"मी बोललो नाही तेव्हा. पोलिसांनाही नाही. माझं चुकलंच." त्याने घसा साफ केला. "मी बघितलं होतं त्यांना त्या दिवशी. इथूनच गेल्या."

थोरलीने फाटकाचा गज धरला. "मग अडवलं का नाही?"

"एकट्या असत्या तर अडवलं असतं. शपथ घेऊन सांगतो. पण बरोबर कुणीतरी होतं. मला वाटलं, तुमच्याच घरचं कोणी फिरायला घेऊन आलंय. हात धरून चालवत होता की त्यांना."

"कोण?"

"पाठमोरा होता. लांबच लांब माणूस." पहारेकऱ्याने आपल्या गुडघ्याखाली हात नेला आणि तिथेच ठेवला. "एवढा हात. आजींना वाकावं लागत नव्हतं, उलट त्यालाच हात वर घ्यावा लागत होता. आणि एक गोष्ट... नको. म्हातारे डोळे माझे."

"सांगा."

"मला त्याचं डोकं कुठे दिसलं नाही. मान खाली घातली असेल. पुढे वाकून चालला असेल. नाही का?"

"हो," थोरली म्हणाली. "तसंच असेल."

परतीचे सात किलोमीटर ती एकदाही न थांबता चालली. मागे वळून बघितलं नाही. पाठीवरचे पट्टे खांद्यात रुतत होते, आणि ज्याला आपण आजवर आई समजून जपून आणत होतो त्याला झटकून टाकावं कसं, हे तिला समजत नव्हतं. शेतात पिशवी फेकून दिली तरी ते तिच्या अंगावर बसून येणारच होतं. ते तिने तोलून बघितलंच होतं.

७

त्या आठवड्यात तिने तरीही चालणं सोडलं नाही. एकदा सुरू केलेलं थांबवलं तर आईचं काय होईल, याची भीती होती. ही चूक होती, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. शनिवारी वही साठवर आली.

धाकटीने बाहेरची कामं घेणं बंद केलं होतं. एक बाई ठरलेले कपडे न्यायला आली तर ते कापलेसुद्धा नव्हते. थोरली दिलगिरी व्यक्त करून तिला वाटेला लावत होती, तेव्हा शिवणाच्या टेबलावरची मापाची वही तिच्या नजरेला पडली. बाई गेल्यावर तिने ती उघडली.

धाकटीचं अक्षर टपोरं, लहान मुलीसारखं. शेवटून दुसऱ्या पानावर वर लिहिलं होतं, 'आई'. खांदा, छाती, कंबर, उंची. मापं आईचीच होती, शेवटच्या दिवसांतली.

पुढच्या पानावर नाव नव्हतं.

खांदा, अकरा. छाती, बावीस. लहान मुलाची मापं. उंची, बहात्तर. आणि त्याखाली, बाही: अडतीस. आकडा खोडून पुन्हा लिहिला होता, जणू टेपवर धाकटीचाही विश्वास बसला नव्हता. बाही: अडतीस. सगळ्यात खाली 'गळा', आणि त्याच्यापुढे नुसती रेघ.

"चिमे!" तिने लहानपणच्या नावाने हाक मारली. आवाज फाटला.

धाकटी बोळातून आली. हळू बोल, अशी खूण करत. "झोपलीये आई."

"हे कुणाचं माप आहे?"

"त्याचं." धाकटीला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. "आईबरोबर असतो तो. पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसायचा आधी. आता पलंगावर निजतो."

"आणि गळा?"

"गळ्यापर्यंत आला नाही अजून. खालून वर येतोय ना." तिने बहिणीचा हात हातात घेतला. तिचा हात गार होता. "अगं, घाबरतेस काय? आई म्हणते, तो पुरा झाला की आपण सगळे मिळून फिरायला जाऊ. टेकडीपलीकडे. मलाही नेणारेत. मी किती वर्षांत कुठे गेले नाही, ताई."

थोरली तिला बाजूला सारून बोळाच्या टोकाला गेली. खोलीत दुपारचं लख्ख ऊन होतं, धुतलेल्या पडद्यांतून आलेलं. गादीवर भिंतीच्या अंगाला आईचा खळगा होता, पाय पोटाशी घेतलेला. आणि त्याला चिकटून, आईच्या पाठीशी, दुसरा. अरुंद, उशीच्या खालपासून पायथ्याच्याही खाली गेलेला. त्यातून एक पन्हळ फुटली होती, हाताएवढी जाड. ती आईच्या खळग्याला पूर्ण वळसा घालून भिंतीपर्यंत गेली होती. दोन्ही उशा जागेवर होत्या. एक दबलेली. दुसरी अजून फुगीर, गुळगुळीत.

ती बघत असताना ती पन्हळ जराशी घट्ट झाली.

८

रविवारी तिने बूट कपाटात टाकले, कुलूप लावलं. पिशवीतल्या विटा अंगणात नेऊन ठेवल्या. यात्रेचं सगळं रद्द. धाकटीला घेऊन दुसरीकडे खोली बघायची, भांडून, ओढून, जमेल तसं. सोमवारी ती सकाळीच स्टेशनजवळच्या एका घरमालकाशी बोलून आली. खोली तळमजल्यावर होती, दोघींना पुरेल एवढी. मनावरचं ओझं थोडं उतरलं.

घरी आली तर मशीनशी कुणी नव्हतं. आईच्या खोलीत नव्हतं. मागचं दार सताड उघडं होतं.

खुंटीवरची पिशवीही नव्हती.

थोरली चपलांवरच धावत सुटली. कालव्याच्या बांधावर पोचली तेव्हा समोरून शेतातल्या पायवाटेने धाकटी येत होती. पाठीवर पिशवी. दवाखान्याशिवाय फाटकाबाहेर न पडणारी बाई भर उन्हात ताठ चालत येत होती, आणि तिचा पाय ओढत नव्हता. जन्मभर पाहिलेली ती चाल तिला कधी इतकी हवीशी वाटली नव्हती.

"तू थांबलीस ना," धाकटी जवळ येत म्हणाली. धाप नाही, घाम नाही. "मग मला जावं लागलं. थोडंच राहिलं होतं. सगळं एकदम आणलं."

"काढ ती पिशवी."

"घरी जाऊन काढते. वाट बघतायत."

थोरलीने बहिणीवर आयुष्यात कधी हात उचलला नव्हता. तिने दोन्ही हातांनी पट्टे धरले आणि हिसकले. धाकटी कोलमडून बांधावर बसली. पिशवी थोरलीच्या हातात आली.

त्यात विटा नव्हत्या, बाटल्या नव्हत्या. रिकामी पिशवी घेऊन गेली होती ती. हात बोलला: पाच किलो, वर थोडं. सगळं एकाच जागी. थोरलीने पिशवी खांद्यावर घेताना तळाशी काहीतरी हळूच कलंडलं, आणि तिच्या पाठीच्या मणक्याला टेकून स्थिर झालं.

तिने पिशवी उघडली नाही. चेन ओढून पक्की केली.

"ताई, दे ना," धाकटी लहान मुलीसारखी रडायला लागली. "ते आत नेलं नाही तर तो पुरा कसा होणार?"

"नाही होणार," थोरली म्हणाली. तिला आता सगळं सोपं वाटत होतं. "तू घरी जा. जेव. दार लावून घे. मी यात्रेला निघाले."

"अशी? चपलांवर?"

"वाटेत घेईन बूट."

तिने खाली वाकून धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला, पिशवीचा तोल सांभाळून. मग ती घराकडे पाठ करून कालव्याच्या बांधाने चालू लागली.

९

चार भिंतींच्या आत शिरलं की ते तिथे उतरतं, हे तिने ताडलं होतं. म्हणून ती कुणाच्या घरात शिरली नाही. यात्रेच्या वाटेवर मुक्कामाच्या जागा होत्या, चांगल्या, स्वच्छ खाटांच्या. ती ओसरीपर्यंतच जायची. एका जागेची सांभाळणारी बाई मायाळू होती, पट्ट्याला हात घालून म्हणाली, "उतरवा की ओझं, दिवसभर वागवलंत." थोरली इतक्या जोरात मागे सरली की त्या बाईच्या हातातला तांब्या पडला. ती झाडाखाली बसून झोपायची, पिशवी पाठीला तशीच. सोबतचे यात्रेकरू तिला नवसाची बाई समजत आणि आदराने वाट देत.

रोज संध्याकाळच्या आत ती धाकटीला फोन करायची.

"कधी येतेस? आई विचारते," धाकटी म्हणायची.

"आणि तो?"

"तो कसा विचारेल?" धाकटी खुदकन हसायची. ते हसू थोरलीला सहन होत नसे. "दाराशी बसून असतो. बाहेर तोंड करून. म्हणजे, पाठ आत आहे म्हणून म्हणायचं."

असे बावीस दिवस गेले. वजन वाढत नव्हतं, कमीही होत नव्हतं. पाच किलो, वर थोडं. कधी कधी उतारावर ते आतल्या आत कुशी बदलायचं, तेवढंच. थोरलीचे खांदे सोलवटले, बूट घासले, पण ती चालत होती आणि घर जिथल्या तिथे होतं. एवढंच तिला हवं होतं.

तेविसाव्या दिवशी सकाळी फोन धाकटीनेच केला. थोरली एका सरळसोट रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर टेकली होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, आडोसा म्हणून कुठे नाही.

"ताई," आवाज वेगळा होता. घोगरा, चिडका, जुना. "माझा पाय केवढा ठणकतोय गं. काल रात्रीपासून उभं राहवत नाही. आणि ही खोली एवढी थंड कशी? कपड्यांचा ढीग पडलाय इथे, गिऱ्हाइकं बोंब मारतायत. मी काय करत होते इतके दिवस?"

थोरलीने डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी ओघळलं आणि ती हसायला लागली. "शेक घे. तेल चोळ. मग कामाला लाग, आळशी."

"घर हलकं वाटतंय, ताई. जमीन करकरत नाही. पलंगही सपाट झालाय."

थोरलीचं हसू तोंडावर तसंच राहिलं.

"केव्हापासून?"

"कालपासून. रात्री." धाकटी अडखळली. स्वप्न सांगताना अडखळतात तशी. "मागचं दार मीच उघडलं वाटतं. आईने त्याचा हात धरला होता. म्हणाली, त्याचं राहिलेलं आणायला त्याला घेऊन जाते, त्याला एकट्याला वाट कशी दिसणार. हे मी खरंच ऐकलं का गं?"

"नाही," थोरली म्हणाली. "तुला ताप असेल. दार लावून घे आणि पडून राहा."

फोन बंद केल्यावर ती थोडा वेळ बसून राहिली. पार्सल कुठून निघालं, केव्हा पोचेल, हा हिशेब तिने हजारो वेळा लोकांना सांगितला होता. तेवीस दिवसांची वाट. पण ते जेवायला थांबणार नव्हते, झोपायला थांबणार नव्हते, आणि त्यांचं वजन कुणाच्या पाठीवर नव्हतं.

धाकटी सुटली होती. हे तिने मनाशी दोनदा म्हटलं. मग ती उठली, पट्टे आवळले आणि पाऊल पुढे टाकलं.

पिशवीत, तिच्या मणक्याला टेकलेलं ते सावकाश फिरलं, मागच्या रस्त्याच्या बाजूला, आणि तिथेच थांबलं.